डब्यातले कलदार: विकायचे, जपायचे की जमवायचे?

छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) उस्मानपुऱ्यातले जुने बंगले एकेक करून पडत आहेत आणि त्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहत आहेत. घर रिकामे करताना देवघराच्या फडताळातून किंवा आजीच्या ट्रंकेतून एखादा पितळी डबा निघतो. त्यात चांदीचे रुपये असतात. काहींवर राणी, काहींवर राजा, काहींवर चारमिनार, तर एखाद-दुसऱ्यावर नुसती फारसी अक्षरे. मग वाचकांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. यांची किंमत किती येईल? घरात ठेवणे गुन्हा तर नाही ना? एका व्हिडिओत अशाच नाण्याचे दहा लाख सांगितले, ते खरे का? मुलाने अमेरिकेहून 1804 सालचा चांदीचा डॉलर आणलाय, त्याचे काय करायचे?

या सगळ्यांसाठी क्रम एकच आहे: आधी वजन, मग वाचन आणि भाव सगळ्यात शेवटी. बहुतेक जण भावापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

पहिले काम: घासू नका

नाण्याचे सर्वाधिक नुकसान चोर करत नाही, आपण करतो, तेही दिवाळीत. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी डबा निघतो आणि नाणी चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, राख असे जे हाताला लागेल त्याने लख्ख केली जातात. चांदीवर वर्षानुवर्षे चढलेली करडी-काळसर झिलई संग्राहकाला हवी असते. ती गेली की नाणे नवे दिसत नाही, घासलेले दिसते. भिंगाखाली बारीक समांतर ओरखडे लगेच कळतात आणि मग दुर्मीळ नाण्यालाही चांदीच्या भावापेक्षा फारसे जास्त कोणी देत नाही.

पूजेची रीत मोडा, असे मी मुळीच म्हणणार नाही. डब्यातली पंचम जॉर्जची चार-दोन सर्वसाधारण नाणी पूजेसाठी वेगळी काढा आणि हळद-कुंकू त्यांनाच वाहा. बाकीची कागदी पाकिटात ठेवा. नाण्यावर माती किंवा जुने कुंकू चिकटले असेल तर ते साध्या शुद्ध पाण्यात भिजत ठेवा आणि नंतर सुती कापडाने नुसते टिपून घ्या. पुसू नका.

माळेतल्या नाण्यांची गोष्ट वेगळी. कडी डागलेल्या रुपयाला संग्राहक सहसा चांदीइतकीच किंमत देतो. कडी कापून डाग घासला तर नाणेही जाते आणि दागिनाही. लमाण बायकांच्या गळ्यातला जुना रुपयांचा हार हाती आला तर तो अख्खाच ठेवा. त्याचे मोल दागिना म्हणून आहे.

वजन

0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. प्रत्येक नाणे वेगळे तोला आणि वजन वहीत लिहा.

- कलदार, म्हणजे इंग्रजांचा यंत्रावर पाडलेला रुपया, 1835 ते 1939: 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. चांदी 91.7 टक्के, म्हणून शुद्ध चांदी सुमारे 10.69 ग्रॅम.
- सहाव्या जॉर्जचा रुपया, 1940 ते 1945: वजन तेच, पण चांदी निम्मीच. शुद्ध चांदी सुमारे 5.83 ग्रॅम.
- 1947 चा रुपया: निकेलचा. चांदी अजिबात नाही. चुंबकाला चिकटतो.
- निजामाचा हाली रुपया, चारमिनार छाप: सुमारे 11.18 ग्रॅम, चांदी 81.8 टक्के. शुद्ध चांदी सुमारे 9.15 ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतला असेल तर टंच (चांदीची शुद्धता) काढल्याशिवाय हा हिशेब लावू नका.
- मोगल रुपया: साधारण 11.4 ते 11.6 ग्रॅम, झिजेप्रमाणे थोडा कमी.

हिशेबाच्या सोयीसाठी चांदी ग्रॅमला 100 रुपये धरा. तर राणीचा रुपया धातू म्हणून 1,069 रुपयांचा, हाली 915 चा आणि 1943 चा राजा छाप फक्त 583 चा. तिन्ही एकाच डब्यात, एकाच आकाराचे. सराफ्यात सगळी नाणी एकत्र काट्यावर टाकून एकच भाव लावला, तर नुकसान कोणाचे होते ते तुम्हीच बघा.

खरी चांदी आहे का, हे घरीच पाहता येते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे लोंबते ठेवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. अस्सल कलदार असेल तर काटा सुमारे 1.13 ग्रॅम दाखवेल. पितळ किंवा जर्मन सिल्व्हरचे तेवढ्याच वजनाचे नाणे 1.3 च्या वर जाईल. चुंबकाच्या चाचणीवर विसंबू नका. पितळही चुंबकाला चिकटत नाही.

वाचन: कलदार

1835 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सगळीकडे एकसारखा रुपया सुरू केला. आधी चौथ्या विल्यमचा, 1840 पासून व्हिक्टोरियाचा. 1862 पासून तिच्या नावापुढे राणी आणि 1877 पासून सम्राज्ञी अशी पदवी येते. मग 1903 ते 1910 सातवा एडवर्ड (डोक्यावर मुकुट नसलेला), 1911 पासून पंचम जॉर्ज आणि शेवटी सहावा जॉर्ज.

1862 सालचे नाणे दुर्मीळ असते, असा एक गोड गैरसमज आहे. ते साल कित्येक वर्षे तसेच गोठवून ठेवले होते. मुंबईच्या टांकसाळीने तारखेखाली बारीक टिंबे देऊन पुढची वर्षे दाखवली. म्हणजे नुसते 1862 पाहून काही ठरत नाही, टिंबे मोजावी लागतात. संग्राहक त्या टिंबांचेच पैसे देतात.

1911 च्या रुपयावर राजाच्या अंगावरील हारात एक हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुकरासारखा दिसला आणि गदारोळ झाला. बहुतेक नाणी मागे घेऊन वितळवली आणि 1912 पासून हत्ती सुधारला. 1911 चा रुपया म्हणूनच चांगला आहे, पण कोणी त्याचे लाखो सांगत असेल तर हसून पुढे चला. खरोखर दुर्मीळ आहे तो 1939 चा रुपया, आणि तोच सर्वाधिक बनावट. 1938 मधला 8 कोरून 9 करतात. शेवटचा आकडा बाकीच्या आकड्यांइतकाच उठावदार आहे का आणि त्याच्या भोवतीची जमीन खरवडलेली नाही ना, हे दहापट भिंगाने पाहा.

आपल्याकडच्या डब्यांत सर्वाधिक सापडतात 1918, 1919 आणि 1920 ची नाणी, आणि त्यांची कथा अमेरिकेपर्यंत जाते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीचा तुटवडा पडला. लोक नोटा घेऊन रुपये मागू लागले. तेव्हा अमेरिकेने एप्रिल 1918 मध्ये पिटमन कायदा करून स्वतःच्या खजिन्यातले 27 कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांना विकली. तिचे रुपये पाडले गेले. तेव्हा अमेरिकेची जुनी चांदी हवी असेल तर ती कदाचित तुमच्या देवघरातच आहे. ही नाणी अमाप पाडली गेली, त्यामुळे कितीही सुंदर असली तरी भाव बहुधा चांदीच्या आसपासच राहतो.

वाचन: हाली

मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे आपल्या डब्यात जे मिळते ते पुण्या-नाशिकच्या डब्यात सहसा मिळत नाही. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, हा हिशेब जुन्या पिढीला तोंडपाठ होता.

चारमिनार छाप रुपयावर मधल्या कमानीत एक अक्षर असते. ‘मीम’ असेल तर सहावा निजाम मीर महबूब अली खान, ‘ऐन’ असेल तर सातवा मीर उस्मान अली खान. साल हिजरी असते. त्याला 0.97 ने गुणून 622 मिळवा, म्हणजे इसवी सन मिळेल. उदाहरणार्थ 1343 म्हणजे 1924-25.

आकडे वाचताना तीन ठिकाणी घोटाळा होतो. छोटे वर्तुळ दिसते ते पाच, शून्य म्हणजे नुसता ठिपका. वर उघडा कोन म्हणजे सात, आणि तोच उलटा केला की आठ. एवढे पाठ केले तरी निम्मे काम होते.

चारमिनारच्या आधीचे हाताने पाडलेले हाली रुपये ओबडधोबड असतात. त्यांवर फारसीत 92 हा आकडा दिसला तर ते 1857 नंतरचे, आसफजाही घराण्याचे. असे नाणे सराफ बिनकामाचे म्हणून बाजूला सारतो. तेच तुम्ही जपून ठेवा.

वाचन: आपल्या शहराची टांकसाळ

औरंगाबादेत मोगलांची टांकसाळ होती आणि तिच्या रुपयांवर शहराचे नाव ‘खुजिस्ता बुनियाद’ असे येते. औरंगजेब, फर्रुखसियर, मुहम्मदशाह अशा बादशहांचे या टांकसाळीचे रुपये मिळतात. जवळच्या दौलताबादेतही नाणी पाडली गेली: चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाची आणि 1633 मध्ये किल्ला घेतल्यावर शाहजहानची.

इथे एक सापळा आहे. ‘फरखुंदा बुनियाद’ म्हणजे हैदराबाद. विक्रेता ‘बुनियाद’ एवढाच शब्द वाचून दाखवतो आणि गिऱ्हाईक आपल्या गावचे नाणे म्हणून खूश होते. आधीचा शब्द पूर्ण दिसत असेल तरच पैसे द्या.

मोगल रुपयाचा ठसा चांदीच्या तुकड्यापेक्षा मोठा असे, म्हणून सगळा मजकूर कधीच उमटत नाही. किंमत ठरते ती टांकसाळीचे नाव आणि साल किती दिसते यावर. दोन्ही स्पष्ट असलेला रुपया नुसत्या बादशहाचे नाव दिसणाऱ्या रुपयापेक्षा कितीतरी महाग जातो. साल दोन प्रकारचे असते, हिजरी आणि जुलूस, म्हणजे राज्याभिषेकापासूनचे. औरंगजेबाचे जुलूस 30 म्हणजे 1686-87. विजापूर पडले ते याच वर्षात. एका हिजरी सालात दोन जुलूस वर्षे येऊ शकतात, पण दोन्ही एकमेकांशी अजिबात जुळत नसतील तर नाणे बनावट असण्याची शक्यता मोठी.

शिवरायांच्या नावाचा चांदीचा रुपया कोणी दाखवला तर हात आखडता घ्या. महाराजांच्या नावाची सर्वपरिचित नाणी म्हणजे सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. मराठ्यांच्या पुढच्या काळातले अंकुशी किंवा चांदवडी रुपये मोगल बादशहाच्या नावानेच पाडलेले आहेत. नवशिक्याला ते मोगल वाटतात, आणि म्हणूनच कधीकधी स्वस्तात मिळून जातात.

वाचून कोण देईल?

सोनेरी महालातले शासकीय वस्तुसंग्रहालय आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातला इतिहास विभाग शहरातच आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला 1980 मध्ये स्थापन झालेली भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे, तिचे संग्रहालय एकदा तरी पाहाच. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आहे. जाताना दोन्ही बाजूंचे, तिरप्या उजेडात काढलेले फोटो, वजन आणि व्यास घेऊन जा. तिथे ओळख विचारा, भाव नको. तो सांगणे त्यांचे काम नाही.

भाव

एकाच नाण्याला तीन भाव असतात: सराफ वितळवायला घेतो तो, व्यापारी तुमच्याकडून घेतो तो आणि व्यापारी संग्राहकाला विकतो तो. इंटरनेटवर दिसतो तो चौथा, म्हणजे कोणी नुसता मागितलेला. मागितलेली किंमत ही किंमतच नव्हे. मान्यवर नाणे-लिलावांचे संपलेले निकाल पाहा. त्यात तेच साल, तीच टांकसाळ आणि तशीच अवस्था शोधा.

शहागंजाकडच्या सराफ्यात विकायचे ठरवलेच, तर आधी सगळी नाणी ओळखून घ्या, प्रकारवार ढीग करा, समोर टंच काढायला सांगा आणि त्या दिवसाचा चांदीचा भाव स्वतः बघून जा. माझे मत विचाराल तर 1940 नंतरची आणि फार झिजलेली नाणी विकायला हरकत नाही. हाली आणि फारसी नाणी मात्र घाईने सराफ्यात नेऊ नयेत. एकदा मुशीत गेले की संपले.

अमेरिकेचा डॉलर

आता त्या 1804 च्या डॉलरकडे वळू. अमेरिकेच्या टांकसाळीने चांदीचे डॉलर 1794 पासून पाडले. पहिल्या वर्षी फक्त 1,758. त्यातला एक जानेवारी 2013 मध्ये एक कोटी डॉलरहून अधिक किमतीला गेला. 1804 हे साल असलेले डॉलर मात्र त्या वर्षी पाडलेलेच नाहीत. ते 1834 च्या सुमारास मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांना भेट देण्यासाठी बनवले, आणखी काही त्यानंतर. सगळे मिळून 16 ज्ञात आहेत आणि बहुतेक कोणाकोणाच्या हातून फिरले याची नोंद आहे. मस्कतला गेलेला 2021 मध्ये 76 लाख डॉलरच्या पुढे विकला गेला. तेव्हा पर्यटकांच्या बाजारात मिळालेला सतरावा काय असेल, ते सांगायला नको.

सुरुवातीच्या अस्सल डॉलरचे वजन 26.96 ग्रॅम असते आणि कडेवर अक्षरे कोरलेली असतात. बनावटीत कड बहुधा नुसती दातेरी निघते. परदेशातले नातेवाईक खरेच घेणार असतील तर पीसीजीएस किंवा एनजीसी या संस्थांनी पारखून प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेलेच नाणे घ्यायला सांगा. डबीवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर घालून तिथला फोटो ताडून पाहा, कारण डब्याही बनावट येतात. भारतात आणताना विमानतळावर जाहीर करा. दागिना नसलेली चांदी प्रवाशाच्या शुल्कमाफीत बसत नाही.

नवा छंद धरणाऱ्याला मात्र मी डॉलरमागे लागू नका असेच सांगेन. त्या पैशात खुजिस्ता बुनियादचे, साल दिसणारे चार चांगले रुपये येतील आणि ते पारखून देणारी माणसेही जवळच मिळतील.

फसवणुकीचे नेहमीचे प्रकार

- देवादिकांचे ‘कंपनी’ नाणे: राम दरबार किंवा हनुमान, आणि खाली ईस्ट इंडिया कंपनी 1818. कंपनीने अशी नाणी पाडलीच नव्हती, ती हौसेची टोकने आहेत. ‘तांदूळ ओढणारे’ नाणे म्हणजे तर सरळ टोळीचे काम.
- वैष्णोदेवीचे पाच-दहा रुपये: चलनातलेच नाणे आहे. त्याचे लाखो मिळत नाहीत.
- आधी कर भरा, मग पैसे: जुनी नाणी घेतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क किंवा कमिशन मागतात. बँक अशा व्यवहारात नाही, असा इशारा तिने ऑगस्ट 2021 मध्येच दिला आहे. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 वर फोन करा.

कायदा: तीन प्रश्न, तीन उत्तरे

*वारशाने आलेली नाणी घरात ठेवणे गुन्हा आहे का?* नाही. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, 1972 नुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावस्तू ठरते. नोंदणीची सक्ती मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा अधिसूचित प्रकारांना आहे. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. घरातली चार नाणी विकणे हा व्यापार नव्हे.

*न्यू जर्सीतल्या नातवाला पाठवू का?* शंभरी ओलांडलेले नाही. पुरावस्तू देशाबाहेर नेण्याची व्यक्तीला मुभा नाही, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी आहे. आजोबांचा 1919 चा रुपया आठवण म्हणून पाकिटात घालून पाठवणारे बरेच आहेत. आपण चूक करतोय हे त्यांच्या गावीही नसते. 1943 चा पाठवायला या कायद्याची आडकाठी नाही.

*पाया खणताना सापडली तर?* हा सर्वात नाजूक मामला. भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही लपवलेल्या वस्तूंना लागू होतो. म्हणजे पाडकामात भिंतीच्या कोनाड्यातून निघालेला हंडाही यात येतो. दहा रुपयांहून जास्त मूल्य असेल तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे आणि निधी कोषागारात जमा करायचा किंवा त्यासाठी जामीन द्यायचा.

मालक कोण ते कळले नाही आणि आधी काही करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला मिळतो. सापडवणारा बहुधा मजूर असतो, हे घरमालकांनी ध्यानात घ्यावे. शंभर वर्षांच्या आत आपल्याच पूर्वजाने पुरले असा दावा असेल तर तो दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागतो. सरकारला नाणी हवी असतील तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतात. लपवले तर हिस्सा जातो, आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

कळवल्याने काय होते याचे उदाहरण नाशिकजवळच्या जोगलटेंभीचे आहे. 1906 मध्ये तिथे नहपान राजाच्या चांदीच्या नाण्यांचा 13 हजारांहून मोठा साठा निघाला. त्यातल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारला होता. त्याने नहपानाला हरवले, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही. ती नाणी मुशीत गेली असती तर पैठणच्या सातवाहनांचा इतिहास आपण आज वेगळाच शिकलो असतो.

विकत घेताना तुमचे हक्क

रविवारच्या आठवडी बाजारात फरशीवर मांडलेली नाणी गंमत म्हणून घ्या, गुंतवणूक म्हणून नको. मोठी खरेदी दुकानातूनच करा. बिलावर नाण्याचे पूर्ण वर्णन हवे: बादशहा, टांकसाळ, साल, वजन. ‘जुने नाणे, एक नग’ असे बिल निरुपयोगी. बनावट निघाल्यास पैसे परत, हे वाक्य लिहून मागा. लिहून द्यायला का-कू करणाऱ्याकडून घेऊ नका.

वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी चालते. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मात्र पुन्हा विकण्यासाठी घेतले असेल तर तुम्ही ग्राहक ठरत नाही.

ठेवणूक

नाणे कडेने धरा. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. मऊ, वासाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या कालांतराने हिरवट चिकटा सोडतात. त्याऐवजी मायलरच्या किंवा आम्लरहित कागदाच्या पाकिटांत एकेक नाणे ठेवा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. ती पावसाळ्यानंतर बदला.

बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. चोरी, आग किंवा बँक कर्मचाऱ्याच्या गैरव्यवहाराने नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरतीच असते. संग्रह त्याहून मोलाचा असेल तर विमा वेगळा काढा. प्रत्येक नाण्याचा फोटो, वजन, कोठून आले आणि किती दिले याची यादी करून एक प्रत मृत्युपत्रासोबत ठेवा. यादीत कोणते नाणे सराफाकडे न्यायचे नाही, ते ठळक लिहा.